वहीतलं बाळ

नववीत माझं गणित सुटलं आणि त्याच्या जागी बालसंगोपन आलं. त्याचा राग माझ्या मनात अजून थोडा शिल्लक आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी या विषयाबद्दल गोड बोलायला लागले, तर वाचणाऱ्याला ते तोंडदेखलं वाटायला नको.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. आमच्या मुलींच्या शाळेत अशी सोय होती की ज्या मुलींना वाटेल त्यांनी गणित सोडून गृहशास्त्र, म्हणजे मुख्यतः बालसंगोपन, घ्यावं. 'वाटेल' हे कागदावर. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. वडील कचेरीत कारकून होते आणि फॉर्म भरणं हे त्यांचं आवडतं काम. माझा फॉर्म त्यांनी सुवाच्य अक्षरात भरला, टिपकागद दाबला आणि मला नुसता दाखवला. मी फुरंगटले तेव्हा म्हणाले, "गणित कायले पाहिजे तुले? मॅट्रिक होजो, बस झालं." आईची तर वेगळीच गंमत. पोरं वाढवायला शिकण्यासाठी शाळेत जायचं, तेही लग्नाआधी, याचं तिला इतकं हसू आलं की शेजारणीला सांगायला ती ओल्या हातानेच कुंपणाशी गेली.

एक गोष्ट मात्र पक्की होती. आमच्या घरात नापास झालेल्या मुलीला दुसरं वर्ष मिळत नसे. नववीत आपटले असते तर शाळा बंद, आणि मग जो कुणी पहिला विचारेल त्याच्याशी लग्न.

बालसंगोपन शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या. वय पंचवीस-सव्वीस, लग्न झालेलं नाही, अंगावर पांढरी खादी. पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका धीट मुलीने त्यांना विचारलं, बाई, तुम्हाला तर मूल नाही, मग तुम्ही आम्हाला कसं शिकवणार? बाई शांतपणे म्हणाल्या की भूगोलाच्या बाई तरी कुठे आफ्रिकेला जाऊन आल्या आहेत. त्या क्षणी त्या मला आवडून गेल्या. गणिताचं दुःख होतंच, पण ते थोडं मागच्या बाकावर जाऊन बसलं.

शिकायला वर्गात मूल नव्हतं, म्हणून आम्ही कापडाची बाहुली शिवली. तिचं वजन नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं, म्हणजे सात पौंड हवं, असा बाईंचा आग्रह. भुसा भरला तर ती हलकी व्हायची आणि रेती भरली तर शिवण उसवायची. शेवटी एकीने घरून सरकी आणली. आमच्या गावात सरकीला काय तोटा? बाहुली सुरेख झाली. मान न धरणारं बाळ कसं उचलायचं, पायांवर कसं निजवायचं, हे सगळं आम्ही तिच्यावर शिकलो. अंघोळीच्या धड्याला एका उत्साही मुलीने मात्र तिच्यावर खरोखरीच दोन तांबे ऊन पाणी ओतलं, आणि कुणाला न सांगता बाहुली कपाटात ठेवून दिली. चार-पाच दिवसांनी बाईंनी कपाट उघडलं, तर बाळाच्या पोटातून कपाशीचे मोड बाहेर आले होते. आम्ही घाबरून उभ्या राहिलो. बाई आधी तोंडावर पदर धरून हसल्या आणि मग पदर सोडूनच हसल्या. आता खरी मुलं बघायची वेळ आली, असं म्हणाल्या.

खरी मुलं बघायची म्हणजे निरीक्षणाची वही करायची. प्रत्येकीने घरातलं नाहीतर शेजारचं एक तान्हं मूल निवडायचं आणि वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. ते काय खातं, किती झोपतं, कधी बसलं, कधी रांगलं, दात कधी आला, सगळं लिहायचं. दर महिन्याला त्याचं वजन करायचं. त्यासाठी बाईंनी नागपूरहून एक स्प्रिंगचा काटा आणला होता. कापडाच्या झोळीत मूल घालून ती काट्याला टांगायची. काटा पाळीपाळीने सगळ्यांच्या घरी जायचा. या वहीवर निम्मे गुण होते.

मूल शोधायला मला लांब जायचं नव्हतं. माझी वहिनी आणि तिचं बाळ घरातच होतं. भाऊ आर्वीला नोकरीला होता, शनिवारी यायचा आणि रविवारी परतायचा, त्यामुळे बाळाचा आणि वहिनीचा सगळा दिवस आईच्या आणि माझ्या नजरेखाली जायचा. वहिनी सेलूकडच्या शेतकरी घरची, चौथी शिकलेली, माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी. आमचं दोघींचं फार जमायचं. माझ्या वेण्या ती घालायची आणि तिची माहेरची पत्रं मी लिहायची.

तिची आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं दहा दिवसांचं होऊन, दुसरी पाच महिन्यांची होऊन. म्हणून हे तिसरं झाल्याबरोबर शेजारणीने ते पसाभर ज्वारी देऊन विकत घेतलं होतं. म्हणजे ते मूल आमचं नाहीच, शेजारणीचं. वहिनी आपली त्याला दूध पाजणारी. नावही असं ठेवलं होतं की हाक मारताना आपल्यालाच ओशाळं व्हावं. असल्या मुलाला नजर लागू नये म्हणून त्याचं कौतुक करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घरी कुणी आलं की बाळाकडे एकदा बघायचं, हळहळायचं आणि म्हणायचं, "वाळून गेलं वो लेकरू." हे ऐकलं की आईचा जीव भांड्यात पडायचा आणि वहिनी उठून चहाचं आधण ठेवायची. एकदा वडिलांच्या कचेरीतले एक नवखे गृहस्थ बाळाला गुटगुटीत म्हणाले, तर ते फाटकाबाहेर पडायच्या आत चुलीत मीठ-मिरच्या पडल्या.

तर अशा घरात मी काटा घेऊन आले. बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं. वहिनीने काट्याकडे पाहिलं, त्याच्या लोखंडी आकड्याकडे पाहिलं आणि बाळाला उराशी धरून भिंतीला टेकली.

"ताई, बाकी काय लिवाचं ते लिवा," ती म्हणाली. "तोलू नका. तोललेलं लेकरू भरत नाई."

मी आईकडे गेले. आईने सांगितलं की तोलायचं तर एकदाच, आणि तेही गिरडला. तिने नवस बोललेला होता. बाळ जगलं-वाढलं तर त्याला गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात नेऊन गुळाने तोलीन आणि त्याच्या तोंडात अन्नाचा पहिला घास तिथेच घालीन. तोवर त्याला तराजूही नाही आणि अन्नही नाही. नवसाला आमच्याकडून सगळेच गिरडला जात, त्यात मला काही नवल वाटलं नाही. श्रावणात जायचं ठरलं होतं.

पण श्रावणात नाल्यांना पूर आले. भाद्रपदात भावकीत कुणी गेलं आणि सुतक आलं. दिवाळीनंतर भावाला रजा मिळेना. एकेक महिना पुढे ढकलता ढकलता पौष उजाडला. तोवर बाळ वहिनीच्या दुधावर होतं, आणि वर थोडं गाईचं दूध, त्यातही निम्मं पाणी. कारण निव्वळ दूध लेकराला जड जातं असं आईचं ठाम मत होतं.

मी काय केलं ते आता सांगते. आमच्या पुस्तकात एक तक्ता होता. कितव्या महिन्यात मुलाचं वजन किती पौंड असावं, ते त्यात ओळीने दिलेलं. काटा दोन दिवस आमच्या घरी खुंटीला लटकत राहिला. तिसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. मी तक्ता उघडला आणि त्यातला आकडा वहीत लिहिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. जेवणाच्या रकान्यातही पुस्तकातलं घातलं: सहाव्या महिन्यापासून वरणाचं पाणी, आठव्यापासून मऊ भात, मग कुस्करलेली पोळी. तक्त्यातले आकडे मी जसेच्या तसे उतरवले नाहीत, इतकी मी वेडी नव्हते. कधी पाव पौंड वर, कधी पाव पौंड खाली. दात येण्याच्या महिन्यात तर मी बाळाला अर्धा पौंड उतरवलं आणि पुढच्या महिन्यात ते भरून काढलं. गणिताची माझी हौस अशी फिटत होती. हे लिहिताना मला त्या मुलीचा राग येतो आणि थोडं कौतुकही वाटतं, काय करणार.

वहिनीला मी सांगितलं होतं की न तोलता वजन काढायची एक रीत बाईंनी शिकवली आहे. लांबी बघायची, दात बघायचे, झोप बघायची आणि हिशेब मांडायचा. पहिल्या महिन्यात मी वही मिटत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"तोललं नाई ना?"

"नाई."

"मंग कितीक झाला?"

मी पौंडाचे शेर करून सांगितले, दोन पौंडांहून जरासा जास्त म्हणजे एक शेर. साडेसात शेर. संध्याकाळभर तिचं गुणगुणणं चालू होतं. त्यानंतर दर महिन्याला ती मला विचारायची. पावणेआठ. आठ. साडेआठ. ती बोटांवर मोजून बघायची, चुलीपाशी बसून मनातल्या मनात घोळवायची. बोलायची तिला बंदी, तोलायची बंदी, कौतुकाची बंदी. पण माझ्या वहीतला आकडा ऐकायला कुणाची बंदी नव्हती. तिला त्यात किती सुख होतं ते मला दिसत होतं, आणि म्हणून पुढच्या महिन्यात खरं सांगणं आणखी अवघड व्हायचं.

असं करता करता घरात दोन बाळं झाली. एक वहीतलं: ते भात खायचं, आठव्या महिन्यात रांगलं, दहाव्यात उभं राहिलं. दुसरं आमचं: ते शांत होतं. फार रडायचं नाही, फार हलायचंही नाही. दहाव्या महिन्यात नीट बसायचं, एवढंच. त्याचे दंड बारीक होते. मला दिसत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला "वाळून गेलं" म्हणत होता आणि ते ऐकून घरातली माणसं खूश होत होती. रोज तेच ऐकून माझ्या कानांना आणि डोळ्यांनाही सवय झाली. ते खरोखर वाळत चाललं होतं, आणि ते कुणी कुणाला सांगायचं हाच प्रश्न होता, कारण सांगायचे शब्द आधीच वापरून झालेले होते.

शाळेत माझी वही गाजली. दाताच्या महिन्यात उतरलेला तो अर्धा पौंड बाईंनी वर्गाला वाचून दाखवला. इतर मुलींचे आकडे उगाच चढत गेलेले होते. माझ्या वहीत खरं मूल दिसतं, असं त्या म्हणाल्या. नागपूरहून तपासणीला येणाऱ्या बाईंना ती वही दाखवायची त्यांनी ठरवलं. मी मान खाली घातली. वर्गाला तो विनय वाटला.

बाईंना बाळ बघायचं होतं. मी कधी ते झोपलंय म्हणून, कधी आजोळी गेलंय म्हणून वेळ मारून नेली. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आपल्या आपण घरी आल्या. बाळ दुलईत गुरफटून झोपलेलं होतं, नुसतं नाक दिसत होतं. आई रीतीप्रमाणे हळहळून म्हणाली की लेकरू पार वाळून गेलं. बाई हसल्या. वहीत तर चांगलं भरलेलं आहे, म्हणाल्या. आईला बाई आवडल्या. येत्या गुरुवारी गिरडला बाळाला तोलायचं आहे, तुम्ही पण चला, असं तिने त्यांना तिळगुळाबरोबर आमंत्रण देऊन टाकलं. मूल गुळाने तोलतात हे बाईंनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या आनंदाने हो म्हणाल्या.

बुधवारी वडिलांनी माझ्याकडे वही मागितली. गूळ किती आणायचा ते त्यांना ठरवायचं होतं. तोंडी सांगितलेल्यावर त्यांचा कधी विश्वास नसे, पण कागदावर लिहिलेलं, तारीख घातलेलं, खाली बाईंची लाल सही असलेलं म्हटल्यावर त्यांना दुसरं काही लागत नसे. दहा शेर, त्यांनी वाचलं, आणि दहा शेर गुळाच्या लहानमोठ्या भेल्या घेऊन आले. त्या फडक्यात बांधताना मी तिथेच होते. सांगायला ती वेळ चांगली होती. मी स्वतःची समजूत घातली की पारडं थोडं वर राहील, दोन भेल्या काढून घेतील, तो गूळ प्रसादात जाईल, कोण बघतंय.

गुरुवारी सकाळी आम्ही मोटारीने समुद्रपूरला उतरलो आणि तिथून बैलांची बंडी केली. आई, वडील, भाऊ, वहिनी, बाळ, बाई आणि मी. थंडी होती. तूर शेंगांनी वाकलेली होती, कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. बाई बंडीत मागे पाय सोडून बसल्या होत्या आणि लहान मुलीसारख्या सगळं बघत होत्या. वहिनी नवं लुगडं नेसली होती. बाळाच्या गालावर तिने काजळाचा एवढा मोठा ठिपका लावला होता की अर्धा गाल त्यातच गेला. मधेच तिने माझ्याकडे बघून हळूच दहा बोटं दाखवली आणि हसली. मी बाहेर बघायला लागले.

टेकडीवर एका झाडाच्या फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. दोरीची पारडी, धान्य तोलतात तशी. दर्ग्यातल्या म्हाताऱ्या मुजावरांनी एका पारड्यात हिरवं फडकं अंथरलं आणि वडिलांनी दुसऱ्यात भेल्या रचल्या. भावाने बाळाला उचलून फडक्यावर बसवलं आणि हात काढला.

बाळाचं पारडं हललंसुद्धा नाही. ते वर होतं तसंच वर राहिलं.

शेजारी नवसाला आलेले चार लोक हसले. नवसाच्या गुळात हात आखडता घेत नाहीत, पण एवढा सैल हात कुणी पाहिला नव्हता. भावाने एक भेली काढली. पारडं तसंच. दुसरी काढली. मुजावर म्हणाले, निकालो, और निकालो. तिसऱ्या भेलीला पारडं जरा डळमळलं, चौथीला खाली यायला लागलं. भावाने एक अर्धी भेली परत टाकली तेव्हा दोन्ही पारडी सारखी झाली. वडील शेर मोजायला पटाईत. सात शेर, ते म्हणाले. हसणाऱ्या लोकांनी नजर फिरवली, कारण वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता.

ती कुणाकडे वळली, तर बाईंकडे. आमच्यात सगळ्यात शिकलेलं माणूस म्हणजे त्याच.

"बाई, मांगच्या महिन्यात दहा शेर होता हा. वहीत आहे, पाहा ना. एका महिन्यात तीन शेर कुठी गेला?"

त्या प्रश्नाला जगात एकच माणूस उत्तर देऊ शकत होतं. मला बाईंची भीती नव्हती, वडिलांचीही नव्हती. ती दोन मुलं तिच्या हातातून गेलेली होती, आणि हे तिसरं डोळ्यांदेखत विरघळतंय असं तिला वाटत होतं, ते मला बघवेना.

"वहिनी, तो कधीच दहा शेर नव्हता," मी म्हणाले. "मी पुस्तकातलं लिवलं. त्याले मी एकदाबी तोललं नाई."

तिला ते लगेच समजलं नाही. बाईंना समजलं. त्या पुढे झाल्या, त्यांनी बाळाला पारड्यातून उचललं, त्याचं झबलं वर केलं, दंड चिमटीत धरला, मांडीवरची सैल कातडी बघितली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी आईला विचारलं की वरणाचं पाणी, मऊ भात, कुस्करलेली पोळी, हे सगळं तरी चालू आहे ना.

"अन्न?" आई म्हणाली. "अन्न तर आज देऊन राह्यलो ना बाई. नवस आहे."

बाईंनी बाळाचं झबलं खाली ओढलं. खाली समुद्रपूरकडची वाट उन्हात स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, आता त्या नवसाला नावं ठेवतील, आईला बोलतील, मला तर बोलतीलच. त्यांनी विचारलं, पहिल्या घासाला काय आणलं आहे? आईने मलिद्याचा डबा उघडला. पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा. बाईंनी त्यातला चिमूटभर वाटीत घेतला, बंडीवाल्याने चहासाठी पेटवलेल्या चुलीवरून ऊन दूध मागून आणलं आणि बोटांनी चुरत चुरत अगदी खिमट केलं. वाटी वहिनीच्या हातात दिली. नवसाला त्यांनी कुठेही धक्का लावला नाही.

वहिनीने करंगळीवर घास घेतला आणि बाळाच्या ओठांना लावला. बाळाने जीभ बाहेर काढली, आत घेतली. क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं. मग त्याने तोंड उघडलं. वहिनीने दुसरा घास दिला. त्याने पुन्हा तोंड उघडलं. पाचव्या-सहाव्या घासाला त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि तोंडाशी ओढली. बाईंनी सांगितलं की आज एवढंच, एकदम नको, उद्या थोडं जास्त. वाटी काढून घेतल्यावर ते रडलं. वर्षभरात आम्ही त्याचं तसं रडणं ऐकलं नव्हतं. घसा फाडून, पाय झाडून, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं.

"भुकेलं होतं वो," वहिनी म्हणाली. "माझं लेकरू भुकेलं होतं."

आणि ती खाली बसून रडायला लागली. आई तिच्या शेजारी बसली. आईला मी रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. त्या दिवशी तिने वहिनीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि दोघी मिळून रडल्या. वडील उरलेल्या भेल्या फडक्यात पुन्हा बांधत होते, सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही. बोलले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर जेवणाची पद्धत बदलली, ती बाईंनी बंडीतच आईला समजावून सांगितली होती. दूध निव्वळ. सकाळी वरणाचं पाणी, मग मऊ भात, संध्याकाळी दुधात पोळी. आईने एकाही गोष्टीला हरकत घेतली नाही. नवस फिटला होता. आता तिचे हात मोकळे होते. बाळाचा भात ती स्वतः मऊ करायची आणि मला हात लावू द्यायची नाही.

सोमवारी शाळेत बाईंनी मला थांबवून घेतलं. माझी वही टेबलावर होती. त्यांनी मला पान फाडायला सांगितलं नाही. प्रत्येक खोट्या आकड्यापुढे माझ्याच अक्षरात 'खोटे' असं लिहायला सांगितलं. सात महिन्यांचे सात आकडे. मी लिहीत होते तोवर त्या खिडकीशी उभ्या होत्या. चूक माझीही आहे, त्या म्हणाल्या. इतकी सुरेख वही बघून मी मूल बघायला जायचं लांबवलं. मला त्यांनी तसं म्हणायला नको होतं. मी तिथेच रडले. परीक्षेला दोन महिने आहेत, त्या म्हणाल्या, त्यातले आकडे खरे असले तर मी तुला पास करीन. नसले तर नाही.

पण खरे आकडे आणायचे कुठून? वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या वेण्याही घालत नव्हती. मी स्वतःच्या हातांनी वाकड्यातिकड्या घालून शाळेत जायची. तिने मला एक शब्द उलट विचारला नाही, आणि माझ्या हातात बाळही दिलं नाही. तिचं बरोबर होतं. बाळ माझ्याकडे बघून हसायचं, हात पसरायचं. ती हळूच त्याला दुसऱ्या खांद्यावर घ्यायची.

असा महिना गेला. काटा फिरत फिरत माझ्या पाळीला पुन्हा आमच्या घरी आला. मी तो खुंटीला अडकवला आणि काही न बोलता अभ्यासाला बसले. उद्या परवा तो तसाच परत जाईल, मी नापास होईन, आणि ते रास्तच होईल, अशी मी मनाची तयारी केली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर वहिनी बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. तिने काटा खुंटीवरून काढून आढ्याच्या कडीला स्वतः टांगला, झोळी झटकली आणि त्यात बाळाला ठेवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, बघत राहिली, पण आडवी आली नाही. बाळ झोळीत झोके घेत खिदळत होतं.

"आता खरं लिवा," वहिनी म्हणाली. "कमी असन तरी लिवा. मले समजलं पाहिजे."

काटा थरथरत होता. तो थांबेपर्यंत आम्ही तिघीही थांबलो. मी मान वर करून आकडा वाचला, सतरा पौंड, त्याचे शेर केले आणि सांगितलं. सव्वाआठ. तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, पुन्हा पाहा. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा तोच सांगितला. मग तिने मला बाजूला केलं आणि स्वतः काट्याखाली उभी राहून, बोट लावून, एकेक रेघ मोजत त्या आकड्यापर्यंत आली.